राजौरीचा रस्ता

(मंडळाच्या जायबंदी जवान साहाय्य निधीसाठी झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



अध्यक्षांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि वर असंही सांगितलंय, की वडे तळायला टाकलेत. म्हणजे मी लांबवलं तर वड्यांच्या वासापुढे माझा निभाव लागणार नाही. तेव्हा प्रस्तावना नको, थेट विषयाला येतो.

मी काही लष्करातला माणूस नाही. आयुष्यभर रस्त्यांची कामं केली. आधी महाराष्ट्रात सहा वर्षं पीडब्ल्यूडीत, मग इकडे अमेरिकेत येऊन सव्वीस वर्षं हायवेच्या खात्यात. तुम्ही सकाळी ऑफिसला जाताना नारिंगी पिंपं दिसली की ज्याला शिव्या देता ना, तो मीच! त्यामुळे युद्धाबद्दल मला बोलायला का उभं केलं, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या माणसाबद्दल मी आज बोलणार आहे, त्यानं परमवीरचक्र मिळवलं ते रस्ता मोकळा करून. बंदूक चालवून नव्हे. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

त्यांचं नाव मेजर रामा राघोबा राणे. १९४८ साली, म्हणजे ज्या चार दिवसांची गोष्ट मी सांगणार आहे तेव्हा, ते सेकंड लेफ्टनंट होते. लष्करातला सगळ्यात खालचा अधिकारी.

पण त्याआधी जरा खडकी. माझं बालपण खडकीत गेलं. वडील अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. खडकी म्हटलं की पुणेकरांना कॅन्टोन्मेंट आठवतं, आम्हाला सॅपर्स आठवतात. बॉम्बे सॅपर्सचं घर ते. पहाटे पाचला त्यांचं बिगुल वाजायचं आणि आई म्हणायची, "ऊठ, ती मुलं बघ कधीची उठलीत!" त्या 'मुलां'च्या मिशा वडिलांपेक्षा मोठ्या असायच्या, पण आईपुढे कोण बोलणार.

बाजारात एक काका स्टो आणि कुकर दुरुस्त करायचे. माजी हवालदार, सॅपर्समधलेच. १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर सुरुंग काढताना त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वर गेला होता. लाकडी खोक्यावर बसायचे, नकली पाय काढून शेजारी ठेवायचे, त्यावर बूट तसाच घातलेला. आम्ही पोरं काय वाईट असतो बघा. त्यांच्या चालण्याची नक्कल करत आम्ही गल्लीतून जायचो. मी त्यात सगळ्यात पटाईत होतो. एकदा मी असाच लंगडत निघालो आणि वळून बघतो तर काका मागे उभे. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते एवढंच म्हणाले, "चुकतंय तुझं. वजन डाव्या पायावर टाकायचं, मग कंबर उचलायची. ये, दाखवतो." आणि खरंच दाखवलं हो मला! त्यानंतर मी ती नक्कल कधी केली नाही.

पुढे मी त्यांच्या दुकानात बसायला लागलो. राणेसाहेबांचं नाव पहिल्यांदा तिथे ऐकलं. सॅपर्सच्या पोरांना ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट सांगतात म्हणे. काकांनी मला ती स्टोच्या पिना आणि वायसर जमिनीवर मांडून सांगितली होती. हा टँक, हा डोंगर, ही झाडं. मी मोठेपणी वाचून पडताळून पाहिली, काका बहुतेक बरोबर होते.

तर राणे. जन्म २६ जून १९१८. गाव कारवार तालुक्यातलं चेंडिया. कारवार आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्या होत, म्हणून पोराची शाळा तुकड्यातुकड्यांनी झाली. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ आली आणि हा बारा वर्षांचा मुलगा तिच्यामागे लागला. आता पोलिसाचा मुलगा चळवळीत म्हणजे घरात काय झालं असेल, विचार करा! वडिलांनी घाबरून कुटुंब परत गावी नेलं.

आणि हाच मुलगा दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. काही जणांना हे विसंगत वाटतं. मला नाही वाटत. जगाची लढाई पेटली होती, बावीस वर्षांचा तरुण, पोलीस शिपायाचं घर. आपणसुद्धा इकडे आलो तेव्हा आपल्याला 'देश सोडला' म्हणणारे होतेच की. माणूस नोकरी करतो आणि त्यातून काय होतं ते पुढे कळतं.

ते बॉम्बे इंजिनियर्समध्ये शिपाई म्हणून लागले. तुकडीतले सर्वोत्तम रिक्रूट ठरले, कमांडंटची छडी बक्षीस मिळाली. मग २८ फील्ड कंपनीतून ब्रह्मदेशात, जपान्यांसमोर. आराकानमधून २६ वी डिव्हिजन मागे फिरली तेव्हा राण्यांना दोन सेक्शन देऊन मागे ठेवलं. काम असं, की बुथिडाँगमधला दारूगोळ्याचा साठा आणि शत्रूच्या उपयोगी पडेल ते सगळं उडवायचं, मग नौदलाचं जहाज येऊन तुम्हाला घेऊन जाईल. साठा उडवला. जहाज काही आलं नाही. जपान्यांची गस्त असलेली नदी आपली आपण ओलांडून, लपतछपत, माणसं घेऊन ते परत डिव्हिजनला मिळाले. त्याबद्दल हवालदार झाले, पुढे जमादार. आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्य मिळून चार महिने झाल्यावर, सेकंड लेफ्टनंट. एकोणतीस वर्षं वय. त्या हुद्द्यावरचे बाकीचे बहुतेक विशीबाविशीतले असतात. म्हणजे हे साहेब झाले ते शिपायाच्या सगळ्या पायऱ्या चढून.

आता काश्मीर. फार इतिहास सांगत नाही. राजौरी गाव नोव्हेंबर १९४७ मध्ये हल्लेखोरांच्या हाती पडलं होतं आणि तिथल्या लोकांची भयंकर कत्तल झाली होती. १८ मार्च १९४८ ला आपल्या फौजेनं झांगड परत घेतलं. झांगड परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही म्हणून जमिनीवर झोपणारे ब्रिगेडियर उस्मान, ते हेच. त्यानंतर ठरलं, नौशेराहून राजौरीकडे जायचं. त्या भागात जे लोक अजून जिवंत होते त्यांना फौज आज पोचते की चार दिवसांनी, यानं फरक पडणार होता. त्यामुळे सगळा प्रश्न येऊन ठेपला रस्त्यावर.

इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण हा माझा प्रांत आहे.

नौशेरा ते राजौरी ही काश्मीरकडे जाणारी जुनी मोगल वाट. मध्ये चिंगस लागतं. जहांगीर बादशहा १६२७ साली काश्मीरहून परतताना वाटेत वारला, तेव्हा त्याची आतडी तिथे पुरली, म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. बादशहाचे हत्तीघोडे जिथून गेले तिथून टँक मात्र सहजी जात नाही! एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी, मध्ये अरुंद रस्ता. अशा रस्त्यावर शत्रूला काही फार करावं लागत नाही. चिराची मोठाली झाडं आडवी पाडायची, रस्ता खणून ठेवायचा, आजूबाजूला सुरुंग पेरायचे.

नुसतं झाड आडवं पडलं तर तो अडथळा नव्हे. आमच्याकडे हिवाळ्यातल्या वादळात रोज पडतात. दोन तासांत करवत लावून मोकळं. झाडाखाली सुरुंग असला की दोन तासांचे सहा होतात. पण समोरच्या टेकडीवर मशीनगन घेऊन कुणीतरी त्या झाडावर नेम धरून बसलाय, तेव्हा तो खरा अडथळा. कारण आता हात लावणाऱ्याला काम करता करता मरायचं असतं. टँक पुढे जाऊ शकत नाही कारण सुरुंग आहे, सुरुंग काढता येत नाही कारण गोळ्या येतात, गोळ्या थांबवायला टँक पुढे जायला हवा. अशी ती गाठ.

८ एप्रिलला ४ डोग्रा पलटणीनं नौशेराच्या उत्तरेला अकरा किलोमीटरवरची बारवालीची धार जिंकली. त्याच्यापुढे सुरुंग आणि अडथळे. राण्यांची ३७ असॉल्ट फील्ड कंपनी डोग्रांबरोबर होती. त्यांनी आपल्या सेक्शनला घेऊन सुरुंग काढायला सुरुवात केली आणि सुरुवातीलाच उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. दोन सॅपर जागच्या जागी गेले. पाच जखमी झाले आणि त्या पाचांत खुद्द राणे होते.

मंडळी, माझ्या कामावर एकदा अपघात झाला होता. एक मजूर दगावला. त्यानंतर कामाची जागा अकरा दिवस बंद होती आणि आम्ही त्या माणसाचं नाव घ्यायलासुद्धा धजत नव्हतो. राण्यांनी किती वेळ घेतला? उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत टँक जातील एवढं काम पुरं केलं. आपल्या जखमेकडे बघायला वेळ नाही. मी हे 'धन्य धन्य' करायला सांगत नाही. मला ते समजत नाही म्हणून सांगतोय. काकांना मी विचारलं होतं, त्यांना भीती वाटली नसेल का? काका म्हणाले, "वाटली असणारच. भीती नसलेला सॅपर आम्ही ट्रेनिंगमधनंच घरी पाठवतो. त्याचे हात फार जलद चालतात."

संध्याकाळ झाली तरी शत्रू त्या भागातून हटलेला नव्हता. रात्री राणे पुढच्या टँकच्या आसऱ्यानं, टँकच्या पोटाखालून सरपटत, सुरुंग काढत राहिले. सांगतात ते असं, की दोन दोर बांधून ते टँकच्या चालकाला इशारा करत. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. अंधारात, दोन्ही बाजूंना टँकची साखळी, मध्ये हा माणूस, आणि वर कित्येक टन लोखंड. चालकानं इशारा चुकीचा समजला तर शत्रूची गरजच नाही. त्या चालकाचंही मला फार कौतुक वाटतं. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि काढायचं म्हणजे काय करायचं? तेव्हा सॅपरचं मुख्य हत्यार म्हणजे संगीन किंवा सळई. जमिनीत तिरकी, अलगद टोचत जायची. काही कठीण लागलं की थांबायचं. मग हातानं माती बाजूला करायची, जशी आई देवाच्या मूर्तीवरचं निर्माल्य काढते तशी. ही उपमा काकांची बरं का, माझी नव्हे.

९ तारखेला सलग बारा तास. एक सुरुंगक्षेत्र संपलं की दुसरा अडथळा. जिथे काढणं जमण्यासारखं नव्हतं तिथे राण्यांनी टँकसाठी वळणरस्ता करून दिला. आम्ही ज्याला डायव्हर्जन म्हणतो तो. आमच्याकडे डायव्हर्जनच्या नकाशावर सात जणांच्या सह्या लागतात!

१० तारखेला पहाटेच उठून आदल्या दिवशी राहिलेला अडथळा हाती घेतला. पाच मोठी चिराची झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. दोन तासांत मोकळा. त्या दिवशी फौज सुमारे तेरा किलोमीटर पुढे सरकली आणि पुन्हा एक भला मोठा अडथळा. सगळ्या बाजूंच्या टेकड्यांवर शत्रू. इथे राण्यांनी टँकच नेऊन अडथळ्याला भिडवला, त्याच्या आडोशाला काम केलं आणि रात्र संपायच्या आत तो अडथळा सुरुंगानं उडवून दिला. मघाशी मी गाठ म्हणालो ना, ती त्यांनी अशी सोडवली. टँकला रस्ता हवा होता आणि रस्ता करणाऱ्याला आडोसा हवा होता, तर टँकलाच आडोसा केलं. कागदावर सोपं दिसतं.

११ एप्रिलला सतरा तास काम. चिंगसपर्यंतचा आणि त्याच्या पुढचा रस्ता खुला झाला. १२ तारखेला फौज राजौरीत शिरली. चिंगस आणि राजौरीकडचे कितीतरी नागरिक त्यामुळे वाचले. राजौरीत आजही एप्रिलच्या १३ तारखेला त्या सुटकेची आठवण पाळतात.

चार दिवस. बास, एवढीच लढाई. पण या चार दिवसांसाठी परमवीरचक्र.

परमवीरचक्र १९५० च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालं, लागू मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासून. राण्यांना ते त्याच वर्षी जाहीर झालं. आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातले १४ जण ते बघायला हयात नव्हते. मेजर सोमनाथ शर्मा आणि नायक जदुनाथ सिंह या राण्यांच्या आधीच्या दोन्ही पराक्रमांत ते वीर धारातीर्थी पडले. म्हणजे लढाईच्या तारखेनं पाहिलं तर परमवीर मिळून जिवंत राहिलेला पहिला माणूस हा. आणि जाता जाता सांगतो, ते पदक ज्यांनी घडवलं त्या सावित्रीबाई खानोलकर आपल्या एका मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या, विक्रम खानोलकरांच्या, पत्नी. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, माहेरचं नाव ईव्ह. भारतात येऊन लग्न केलं, मराठी-संस्कृत शिकल्या. आपल्यातल्या ज्या सुना आज मागच्या रांगेत बसून माझं मराठी समजून घेताहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं! (हशा)

पुढे राणे लष्करात राहिले. एकूण पाच वेळा त्यांच्या कामगिरीचा युद्धवृत्तान्तात उल्लेख झाला. १९६८ च्या जानेवारीत मेजर म्हणून निवृत्त झाले, पुन्हा नेमणूक झाली ती १९७१ च्या एप्रिलपर्यंत. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात एक बेट त्यांच्या नावाचं आहे. हे सगळं झालं, चांगलं झालं.

पण मंडळी, माझं मन अजून त्या पहिल्या दिवसावर अडतं. दोन गेले, पाच जखमी. राण्यांची जखम बरी झाली, ते पुढे चालले. सगळ्यांचं तसं होत नाही. काका म्हणायचे, "बाळ, सुरुंगाला तहाचं पत्र जात नाही." लढाई थांबते, साहेब लोक सह्या करतात, सुरुंग तिथेच असतो. मग कोणीतरी सॅपर परत जाऊन तो काढतो. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी लढाई तर झालीच नाही. तरी सीमेवर सुरुंग पेरताना आणि काढताना आपली बरीच माणसं जायबंदी झाली. त्या वेळी आपण इकडे बातम्यांत "युद्ध टळलं" असं ऐकलं आणि चॅनेल बदललं. मीसुद्धा बदललं.

पंचविशीतला मुलगा, शेतकऱ्याच्या घरचा, एक पाय नाही. नोकरीचं काय, लग्नाचं काय, गावी बापाला काय सांगायचं? पुण्यात नकली पाय बसवण्याचं लष्कराचं केंद्र १९४४ पासून आहे. आणि खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालं, मग खडकीला आलं. जायबंदी जवानांना तिथे हातात धंदा देतात. शंभरावर वर्षं झाली, दुर्दैवानं विद्यार्थी कधी कमी पडले नाहीत. आमचे काका अशाच ठिकाणी शिकून आले होते, म्हणून त्यांच्या हातात स्टोच्या पिना होत्या. पेन्शन होती त्यांना. पण ते म्हणायचे, "पेन्शन घरच्यांसाठी. दुकान माझ्यासाठी." दुकान बंद असलं की ते दिवसभर चिडचिड करत.

मी इकडे आल्यावर दुसऱ्या वर्षी काका गेले. आईनं पत्रात एका ओळीत लिहिलं होतं, खाली पावसाची आणि भावाच्या परीक्षेची बातमी. मी तेव्हा पत्र घडी घालून ठेवलं. त्यांना मी कधी पैसे पाठवले नाहीत, कधी पत्रही टाकलं नाही. त्यांनी मला चालायला शिकवलं होतं हो, अगदी शब्दशः.

आजचा जो निधी आपण जमवतोय तो खडकीतल्या अशा जवानांच्या प्रशिक्षणासाठी जाणार आहे. मंडळ जेवणाचा आणि हॉलचा खर्च यातून घेत नाही, तो कार्यकारिणीनं आपल्या खिशातून केलाय. पांढरी पाकिटं प्रत्येक टेबलावर आहेत. चेकवर मंडळाचं नाव घाला, खाली कोपऱ्यात 'जवान निधी' लिहा म्हणजे खजिनदारांना रात्री दोनपर्यंत जागावं लागणार नाही. ज्यांची कंपनी मॅचिंग देते त्यांनी तो फॉर्म आजच भरा, "सोमवारी बघतो" म्हणू नका. मागच्या वर्षी आपले निम्मे मॅचिंग फॉर्म सोमवारीच हरवले! आणि मुलांनो, तुम्ही बेक सेलचे एकशे बारा डॉलर आधीच आणून दिलेत, ते या यादीत पहिल्या ओळीवर आहेत.

वडे झालेत असं मला स्वयंपाकघरातून खुणावताहेत. चला.